अठ्ठावन्न किलो चारशे

मित्रांनो, जुना म्हणायला मी काही फार जुना नाही. पाचच वर्षं झाली मला. पण आमच्या वजनकाट्यांच्या जातीत पाच वर्षं काढली म्हणजे पुष्कळ झालं. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय. एका पायाची रबरी टोपी हरवलीये, म्हणून मी जरा लंगडतो. तरी वजन अजूनही शंभर ग्रॅमपर्यंत चोख सांगतो. तेवढा एकच गुण माझ्या अंगात आहे, आणि त्या गुणाचा मला एके काळी फार ताठा होता. आता नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत आलो तेव्हा एका बाईनं माझ्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. मी वीस म्हणालो. तिनं पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाली, "हा पास." आयुष्यातली पहिली शाबासकी ती. माझ्याबरोबरचे बरेच काटे कुणाच्या ना कुणाच्या न्हाणीघरात गेले. तिथं लोक त्यांच्यावर उभे राहतात आणि आकडा आवडला नाही की त्यांनाच शिव्या घालतात. माझं नशीब थोर. मला एका मोठ्या इस्पितळाच्या हृदयविभागात नेमणूक मिळाली.

तिथल्या सिस्टर नव्या लोकांना माझं काम समजावून सांगायच्या. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्या म्हणायच्या, "हे बघा, हृदय थकलं की ते रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही. मग अंगात पाणी साठतं. आधी पायात, मग पोटात, मग छातीत. माणसाला धाप लागेपर्यंत उशीर होतो. पण पाण्याला वजन असतं, म्हणून काट्याला आधी कळतं." रोज सकाळी सातला मी पिपाणी वाजवायची. माणसानं माझ्यावर उभं राहायचं. आकडा माझ्यातून आपोआप घरच्यांच्या फोनवर आणि सिस्टरांच्या टेबलावर जायचा. वजन जागच्या जागी असेल तर फोनवर हिरवा रंग. जरा चढलं तर पिवळा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर लाल. आठपर्यंत कुणी उभंच राहिलं नाही, तर घरच्यांना फोन जायचा. आहे की नाही झकास काम? मला तर वाटायचं, डॉक्टरांच्या खालोखाल मीच.

असा मी मास्तरांच्या घरी आलो.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली. पुढची खोली म्हणजे दुकान. तिथं कापड बेतायचं लांबलचक टेबल, शिलाईचं मशीन, आरसा. मागच्या खोलीत संसार. त्यांची बायको काज-बटणं करायची, उसवायची, इस्त्री करायची. तिला सगळा रस्ता काकू म्हणायचा, म्हणून मीही काकूच म्हणतो. त्यांना एकुलती एक मुलगी. लहानपणी अंगानं एवढीशी होती म्हणून मास्तर तिला 'बटण' म्हणायचे. आता बटण चांगली तीस वर्षांची झाली होती आणि बसनं दोन तासांवरच्या गावी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. तिनंच मला इस्पितळातून काखोटीला मारून आणलं आणि टेबलाशेजारी भिंतीला लावून ठेवलं.

"बाबा, रोज सातला. अनवाणी. पोटात काही जायच्या आधी."

"आणि वाढलो तर काय करणार? दोन इंच सोडून शिवणार मला?"

"वाढलात तर मी तडक येणार."

मास्तर माझ्यावर चढले. मी म्हणालो, अठ्ठावन्न किलो चारशे. हाच त्यांचा नेमका आकडा, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं.

आता मास्तरांच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. गिऱ्हाईक जाड झालं, तर शिंप्यानं ते तोंडावर म्हणायचं नाही. गिऱ्हाईक कुरकुरत येतं, "मास्तर, कोट आखूड झाला हो." शिंप्यानं मान हलवायची, "कापड आटलं असेल. ठेवून जा, बघतो." गिऱ्हाईक गेलं की आतली शिवण उसवायची, दाबून ठेवलेलं कापड मोकळं करायचं आणि तोच कोट हसतमुखानं परत द्यायचा. मास्तर म्हणायचे, "माप वहीत राहतं, तोंडात येत नाही." चाळीस वर्षं नवराबायकोनं हेच केलं. मास्तर डोळ्यांनी खूण करायचे आणि काकू उसवायला घ्यायच्या. एका शब्दाची गरज नव्हती.

पहिल्याच महिन्यात मी माझं नाव राखलं. कुणीतरी जुनं गिऱ्हाईक खारे दाणे घेऊन आलं. मास्तरांनी गप्पांच्या नादात पुडा फस्त केला. मीठ म्हणजे त्यांच्या जिवावरच. दोन दिवसांत वजन दोन किलोनं चढलं आणि मी लाल दिवा लावला. बटण रजा टाकून धावत आली, सिस्टरांनी पाणी उतरवायची गोळी वाढवून दिली, चार दिवसांत सगळं जागेवर. डॉक्टर म्हणाले, "या काट्यानं वाचवलं तुम्हाला." काकूंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर हातही जोडले. मित्रांनो, खरं सांगतो, मी हवेत होतो.

दुसरी लाल मात्र फजितीची. त्या दिवशी मास्तरांना घाई होती. कामाचा कोट अंगात घालूनच ते माझ्यावर उभे राहिले. एका खिशात भली मोठी कात्री, दुसऱ्यात बटणांचा डबा. मी दोन किलो जास्त सांगितलं. मी तरी काय करणार, कात्रीचं वजन मला कात्री म्हणून कळत नाही. बटण पुन्हा काम टाकून, भाड्याची गाडी करून आली, तर मास्तर एका लठ्ठ पहारेकऱ्याच्या पोटाभोवती टेप धरून उभे! आधी ती हसली, मग टेबलावर डोकं ठेवून रडली. तिच्या साहेबांनी तिला सुनावलं होतं, की कच्च्या नोकरीत असं चालत नाही, आता आणखी एक रजा पडली तर पुढचं आम्ही बघू.

ती गेल्यावर मास्तरांनी खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली. मग काकूंना म्हणाले, "हे बघ, आपल्यापायी पोरीची नोकरी जाता कामा नये. दोन महिने राहिलेत. दोन महिने लाल दिवा लागू द्यायचा नाही."

"लागला तर?"

"मी तो लागू देणार नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, हा काय कोट आहे का?"

मास्तर हसले. त्या हसण्यानं काकू नेहमीच विरघळायच्या, त्याही दिवशी विरघळल्या.

सुरुवातीचे तीन आठवडे खरंच काही झालं नाही. वजन जागेवर, फोन हिरवागार. मग एका सकाळी मास्तर माझ्यावर चढले आणि मला ते जड लागले. तळवे रोजच्यापेक्षा पसरट आणि गार. मी आकडा तयार करत होतो, एकोणसाठ किलो सहाशे, एवढ्यात त्यांनी हळूच हाताचा पंजा शेजारच्या टेबलावर टेकला. नुसता टेकला म्हणाल तर नाही, दाबला. माझा आकडा उतरू लागला. अठ्ठावन्न सहाशे, पाचशे, चारशे. तिथं त्यांनी हात स्थिर धरला. चाळीस वर्षं कापड बेतलेला हात तो, तसूभर हलला नाही. मी आकडा पाठवला. दोन तासांच्या अंतरावर एक फोन हिरवा झाला.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. मास्तर हुशारही होते. "रोज तोच आकडा गेला तर सिस्टरांना वास येईल," असं म्हणून एखाद्या दिवशी शंभर ग्रॅम इकडे, एखाद्या दिवशी तिकडे करायचे. मला सगळं कळत होतं. हातानं किती उचललंय हे सोडून बाकी सगळं. पण मला फक्त आकडा पाठवता येतो हो! पाय सुजलेत, बोटांमधली फट बुजलीये, माणूस माझ्यावर उभा राहून धापा टाकतोय, हे पाठवायला मला कुणी जागाच ठेवली नव्हती. माझा इतका संताप झाला की एका सकाळी मी मुद्दाम बिघडून बघायचं ठरवलं. पण आम्हाला मनानं बिघडताही येत नाही.

बटण एका रविवाराआड यायची. तुम्ही म्हणाल, तिला दिसलं कसं नाही? कपड्यानं काय काय झाकता येतं ते शिंप्याला विचारा. मास्तरांनी स्वतःसाठी घेरदार पायजमा बेतला, काकूंनी शिवला. सदऱ्याच्या शिवणी उसवल्या, बाह्या लांब केल्या. बटण येणार त्या दिवशी मास्तर दाढी करून, मशीनपुढे बसून राहायचे, उठायचेच नाहीत. उठले असते तर दोन पावलांत धाप लागली असती.

"बाबा, चेहरा जरा भरलाय का तुमचा?"

"तुझी आई खाऊ घालते ना! आणि तो तुझा फोन काय म्हणतो?"

"हिरवा आहे."

"मग झालं तर!"

आणि तिच्या जिवात जीव यायचा. पोरगी दिवसभर आकड्यांवर जगणारी. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे ती चव घेऊन नाही, आकडा बघून ठरवायची. तिनं आकड्यावर विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं? मी पाठवलेल्या आकड्यावर ठेवला. ते माझं नाव होतं.

नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरले आणि मास्तरांना सकाळी उभंच राहवेना. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून ते खुर्चीत बसून टेबलावर डोकं टेकून झोपायचे. सातला मी पिपाणी वाजवू लागलो. वाजवत राहिलो. आठ वाजले की फोन जाणार. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता तरी कळवू या. मी तुमच्या पाया पडते."

"अजून एकवीस दिवस," मास्तर म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. "तू उभी राहा."

काकू उभ्या राहिल्या. मी म्हणालो, एक्कावन्न. मास्तरांनी खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं, मनात वजाबाकी केली आणि कोपऱ्यातल्या कोळशाच्या जुन्या लोखंडी इस्त्रीकडे मान वळवली. काकूंनी ती दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि पुन्हा माझ्यावर चढल्या. अठ्ठावन्न किलो तीनशे. हिरवा.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात ना? पण झाकणाऱ्याला ते कोण सांगणार! रोज सकाळी ती बाई, केस न विंचरता, इस्त्री कवटाळून माझ्यावर उभी राहायची. आणि मित्रांनो, आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. पाच-सहा दिवसांनी इस्त्री पुरेना. वरून कात्री घ्यावी लागली. मग कात्री आणि कापडाचा गठ्ठा. कारण काकू स्वतः झिजत चालल्या होत्या. रात्रंदिवस मास्तरांच्या पाठीला उशा लावायच्या, पाय दाबायचे, औषधं द्यायची, पुन्हा गिऱ्हाइकांना "मास्तर जरा पडलेत" असं सांगून कामही पुरं करायचं. एक्कावन्नाच्या त्या एकोणपन्नास झाल्या. पण त्यांचं वजन कुणी मागितलंच नव्हतं. मला ते पाठवायचं ठिकाण नव्हतं.

अकरा दिवस राहिले असताना मास्तरांचे ओठ काळेनिळे पडले. काकू धावत रस्त्यात गेल्या. शेजारच्या सलूनवाल्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडलं, गाडी बोलावली आणि बटणलाही फोन केला. मास्तरांना खुर्चीसकट उचलून नेलं. मी भिंतीशी उभा होतो. घरात त्या दिवशी कुणी दारही ओढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घरी आल्या. बटणनंच त्यांना बळं पाठवलं होतं, "अंघोळ कर, दोन घास खा आणि बाबांचे कपडे घेऊन ये" म्हणून. त्या आत आल्या आणि बरोबर सात वाजले. मी पिपाणी वाजवली. काय सांगू तुम्हाला! त्या बाईनं क्षणभरही विचार केला नाही. पिशवी खाली ठेवली, इस्त्री उचलली, कात्री उचलली, गठ्ठा घेतला आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. दहा-अकरा दिवसांची सवय, आणि डोक्यात एकच भीती, की आकडा गेला नाही तर पोरीला फोन जाईल. पोरगी इस्पितळात बापाच्या उशाशीच बसलीये, हे त्या विसरल्या होत्या.

मी पाठवला. अठ्ठावन्न किलो चारशे.

पुढचं मला बटणच्या तोंडून कळलं. ती काचेच्या खोलीबाहेर बसली होती. डॉक्टर तिला सांगत होते, "अंगात नऊ-दहा किलो पाणी आहे. हे एका दिवसात होत नाही. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर गोळ्यांनी भागलं असतं." ती त्यांना फोन दाखवत होती, "पण रोज हिरवा होता हो, हे बघा ना!" आणि तिच्या हातातच फोन वाजला. *आजचं वजन योग्य आहे. छान! असेच नियमित राहा.*

ती घरी आली तेव्हा काकू तिथंच, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. इस्त्री मांडीवर तशीच. बटणनं इस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"तुझी नोकरी पक्की होईपर्यंतच गं."

"किती दिवस, आई?"

"मी दहा-अकरा दिवस. त्याआधी ते हात टेकवायचे." काकूंनी तिच्या पायाला हात लावला. "मला मार हवं तर. पण बोल काहीतरी."

बटणनं आईच्या मांडीवरची इस्त्री उचलली, जड लागली तशी दोन्ही हातांनी धरली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग आईजवळ बसली. दोघी एकमेकींना धरून इतक्या रडल्या की मला वाटलं, मलाही कुणी उचलून बाहेर टाकलं तर बरं.

मास्तर तिसऱ्या दिवशी गेले.

बटण कामावर परतली तेव्हा तिच्या साहेबांनी तिला बसवून घेतलं. म्हणाले, "अहो, वडील इतके आजारी आहेत हे सांगायचं तरी! असल्या रजा कोण मोजतं?" आणि ठरल्या दिवशी तिची नोकरी पक्की झाली. हे तिनं घरी येऊन काकूंना सांगितलं. काकू मान हलवत राहिल्या. "असं म्हणाले? असं म्हणाले?" एवढंच पुन्हा पुन्हा.

महिनाभरानं दोघी मला परत करायला इस्पितळात आल्या. सिस्टरांनी मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि पडद्यावर माझी सगळी नोंद काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ. मधे दोन उंच सुळके, आणि मग सरळ, अगदी पट्टीनं ओढल्यासारखी.

"वाईट वाटतं हो," सिस्टर म्हणाल्या. "पण खरं सांगते, तुमच्याइतकं नियमित कुणीच नाही. एकही खाडा नाही! आमचे लोक चार दिवसांत कंटाळतात. मी ही रेघ भिंतीवर लावू का? नाव नाही घालणार. नव्या लोकांना दाखवायला, की घरच्यांनी मनावर घेतलं तर काय होतं."

बोलता बोलता त्यांचं बोट त्या रेघेवरून पुढे गेलं आणि अगदी शेवटच्या ठिपक्यावर थांबलं. त्या ठिपक्याच्या दिवशी मास्तर काचेच्या खोलीत होते. बटणला ते दिसलं. तिचं तोंड उघडलं. आता बोल, मी मनात म्हणालो, बोल गं बाई, निदान पुढचा तरी वाचेल. शेजारी काकू उभ्या होत्या, हातातल्या पिशवीचे बंद पिळत. दोन्ही डोळे मुलीवर.

बटणनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "लावा."

मित्रांनो, तेव्हापासून आजपर्यंत मी इस्पितळाच्या कपाटात होतो आणि ती रेघ माझ्यासमोरच्या भिंतीवर होती. तुमच्या घरी असं थकलेल्या हृदयाचं कुणी असेल, तर काट्याचा आकडा जरूर बघा. आम्ही खोटे नाही. पण आकडा बघून झाला की गाडी पकडा, घरी जा, पांघरूण बाजूला करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाय बघा. आणि जो माणूस रात्रंदिवस त्यांचं करतोय त्याला विचारा, तुझं कसं चाललंय? तो बरं आहे म्हणेल. तेवढ्यावर उठून येऊ नका. एवढंच माझं मागणं आहे. मला ठाऊक आहे, ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मला आकड्याशिवाय दुसरं बोलता येत नाही.

आज सकाळी मला नवं घर मिळालं. एक मुलगा आपल्या आईला घेऊन आला होता. तो दूरगावी नोकरीला, ती इथं थोरल्या सुनेजवळ. सिस्टरांनी दोघांना सगळं समजावलं आणि भिंतीवरची रेघ दाखवली. निघताना मुलानं मला काखेत धरलं, दाराशी थांबून रेघेकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाला, "आई, आपलीपण अश्शीच सरळ आली पाहिजे हं. म्हणजे मला तिकडे घोर नाही."

आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "येईल रे. तू नको काळजी करू."